आंबटगोड लाल कोबी: व्हिनेगर एकदम नाही, दोन हप्त्यांत

प्रश्न थोडक्यात असा: लाल कोबी, सफरचंद, साखर आणि व्हिनेगर घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवला. पहिल्या वेळी तो निळसर-करडा झाला. दुसऱ्या वेळी रंग सुरेख आला, पण तास उलटून गेला तरी कोबी दाताखाली कचकच करत होता. तिसऱ्या वेळी रंग आणि शिजणं दोन्ही जमलं, पण ताट पुढे ओढलं की व्हिनेगरचा वास नाकात जायचा. तिन्ही वेळा पाककृती एकच होती आणि तिच्यात फक्त "व्हिनेगर घालून शिजवा" एवढंच लिहिलं होतं. चुकतंय कुठे?

चूक तुमच्या हातात नाही, त्या एका ओळीत आहे. व्हिनेगर घाला म्हणजे कधी घाला, हे तिच्यात सांगितलेलंच नाही. या पदार्थात आंबटपणा तीन कामं करतो. तो रंग ठरवतो, कोबी किती वेळात मऊ होणार ते ठरवतो आणि अर्थात चव ठरवतो. या तिन्ही कामांची वेळ वेगवेगळी आहे. म्हणून मी कायम व्हिनेगर दोन हप्त्यांत घालतो. अर्ध्याहून थोडं जास्त सुरुवातीला आणि उरलेलं शेवटच्या दहा मिनिटांत. बाकी सगळं, म्हणजे मसाला, सफरचंद, चरबी, आपापल्या आवडीने बदलता येतं. हे मात्र बदलू नका.

आधी रंगाचं बघू. लाल कोबीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात आणि ती आम्लतेप्रमाणे रंग पालटतात. आंबटात लालसर-गुलाबी, ना आंबट ना अल्कधर्मी अशा पाण्यात जांभळी, आणि अल्कधर्मी पाण्यात निळी, पुढे हिरवट. कोबी स्वतः फारसा आंबट नसतो. त्यामुळे नुसता पाण्यात शिजवला की तो निळसरपणाकडे झुकतो, आणि नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर आणखीच. तुमचा पहिला कोबी असाच निळा झाला असणार. व्हिनेगर पडलं, पण फार कमी पडलं. यात दिलासा असा की हा बदल बराचसा उलटवता येतो. निळ्या पडलेल्या कोबीवर चमच्याने व्हिनेगर सोडून बघा. थेंब पडतो तिथे लगेच गुलाबी ठिपका उमटतो, आणि ढवळत गेलात की मिनिटभरात सगळं भांडं निळ्यातून जांभळ्यात, जांभळ्यातून किरमिजी रंगात येतं. फार वेळ निळाच शिजत राहिला असेल तर मात्र तो तजेला पूर्ण परत येत नाही, करडी झाक राहते. म्हणून पहिला हप्ता सुरुवातीलाच.

मग सगळंच सुरुवातीला का घालू नये? कारण तुमचा दुसरा कोबी. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना हळूहळू विरघळतं, म्हणून भाजी मऊ होते. आंबट पाण्यात ते सहजासहजी सुटत नाही. व्हिनेगर जास्त, वर रेड वाइन, वर आंबट सफरचंद, असं सगळं एकदम सुरुवातीला पडलं की कोबी हट्टाने कडक राहतो. अशा वेळी पाणी वाढवून आणखी अर्धा तास शिजवणं हाच मार्ग. पाण्याने आम्ल पातळ होतं आणि वेळ आपलं काम करतो. कोणी चिमूटभर सोडा घालायला सांगितला तर अजिबात ऐकू नका. सोड्याने कोबी मऊ होतो हे खरं, पण लगद्यासारखा, आणि रंग थेट निळा-हिरवा होतो.

तिसऱ्या कोबीचं कारण साधं आहे. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल वाफेबरोबर उडतं. सुरुवातीला घातलेल्या व्हिनेगरचा उग्रपणा तासाभराच्या शिजण्यात बराच निघून जातो आणि मागे गोलाई असलेला आंबटपणा उरतो. अगदी शेवटी घालून आच बंद केली, तर उडायला वेळच मिळत नाही आणि तो वास ताटापर्यंत येतो. म्हणून दुसरा हप्ता "शेवटी" म्हणजे ताटात वाढताना नव्हे, तर शिजवणं संपायला दहा मिनिटं असताना. झाकण काढून ठेवायचं आणि आच जरा वाढवायची.

आता मापं. चिरून एक किलो भरेल इतका कोबी धरा. त्याला 5 टक्के आम्लतेचं व्हिनेगर एकूण 75 मिलीलीटर लागतं, म्हणजे पाच मोठे चमचे. तीन चमचे आधी, दोन नंतर. दुसरे दोन एकदम ओतू नका, एक घालून चव बघा. बाटलीवर आम्लतेचा आकडा असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. 5 आणि 8 टक्क्यांत केवढा फरक पडतो ते पहिल्याच घासाला कळतं. सफरचंदाचं किंवा रेड वाइनचं व्हिनेगर इथे सगळ्यात छान लागतं. साधं पांढरं चालतं, पण त्याला स्वतःची काही चव नसते, नुसती धार असते. बाल्समिक, म्हणजे गडद, गोडसर इटालियन व्हिनेगर, हवं असेल तर ते दुसऱ्या हप्त्यातच घाला, तासभर उकळून त्याचा सुगंध वाया घालवू नका.

बाकीचं असं: दोन मध्यम आंबट सफरचंदं, एक मोठा कांदा, साखर 40 ग्रॅम, मीठ 10 ते 12 ग्रॅम, चरबी किंवा लोणी 40 ग्रॅम आणि पाणी, सफरचंदाचा रस किंवा रेड वाइन 150 मिलीलीटर. वाइन घेतलीत तर ती स्वतः आंबट असते हे लक्षात ठेवून पहिल्या हप्त्यातला एक चमचा कमी करा.

कोबीचा गड्डा घट्ट आणि आकाराच्या मानाने जड हवा. चार भाग करून मधला पांढरा दांडा काढा आणि तीन-चार मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या चिरा. किसणीवर किंवा यंत्रात केसासारखा बारीक केलेला कोबी तासाभरात गळून जातो. बोटभर जाड ठेवलात तर पानांच्या शिरा कच्च्या राहतात. चिरताना बोटं आणि पाट जांभळे होतात. साबण अल्कधर्मी असल्यामुळे त्याने डाग आधी निळे दिसतात. आधी लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसा, मग धुवा.

चिरलेल्या कोबीला मीठ आणि व्हिनेगरचा पहिला हप्ता चोळून तासभर ठेवावं असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत पुष्कळ घरी तो अशा रीतीने रात्रभर मुरत ठेवतात. मुठीत घेऊन दाबला की तळाशी गडद किरमिजी रस सुटतो आणि कुरकुरीत पट्ट्या लवचीक होतात. तो रस फेकायचा नाही, सगळाच्या सगळा भांड्यात जातो. रंग त्यातच असतो.

भांड्याबद्दल दोन शब्द, कारण निळेपणाचं हेही एक कारण असू शकतं. आंबट पदार्थ तासभर शिजणार आहे, तेव्हा उघडं ॲल्युमिनियम नको आणि लेप नसलेलं लोखंडही नको. आम्ल धातू खातं, चवीला धातूचा कडवटपणा येतो आणि लोखंडाने रंग काळपट होतो. जाड बुडाचं स्टील किंवा एनॅमलचं भांडं उत्तम. बूड पातळ असेल तर साखर तळाला लागते.

चरबी तापवून कांदा आठ-दहा मिनिटं मंद आचेवर परता. तो पारदर्शक आणि गोडसर व्हायला हवा, तपकिरी नाही. आता साखर. इथे दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे साखर कोबीबरोबरच घालणं. मला आवडणारा रस्ता थोडा वेळखाऊ आहे: कांद्याच्या आधी कोरड्या भांड्यात साखर वितळवून मधासारख्या रंगाचं कॅरमल करायचं आणि त्यावर चरबी आणि कांदा घालायचा. कांदा पडताच चुरचुरून वाफ येते आणि साखर काचेसारखी गोळा होऊन घट्ट होते. घाबरू नका, कांद्याला पाणी सुटलं की ती पुन्हा विरघळते. याने गोडाला किंचित कडवट कड येते आणि आंबटगोड चव सरबतासारखी सपाट राहत नाही. मात्र कॅरमल गडद तांबडं होऊ देऊ नका. पुढे तासभर शिजायचं आहे, तो कडवटपणा कमी होत नाही.

कोबी रसासकट घालून पाच-सात मिनिटं झाकण न ठेवता परता. कोबीच्या गंधकयुक्त द्रव्यांचा जो उग्र वास असतो, त्यातला काही भाग याच वेळी निघून जातो. ढीगभर दिसणारा कोबी बघता बघता खाली बसतो. मग द्रव घाला, एक सफरचंद किसून घाला, मसाल्याची पुरचुंडी टाका, झाकण ठेवा आणि आच अगदी मंद करा. कडेला एखाददुसरा बुडबुडा येत राहावा, इतकीच. कोबी द्रवात बुडता कामा नये. ब्रेझिंग म्हणतात ते हेच: थोडा रस, घट्ट झाकण आणि भरपूर वेळ. कोबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते सुटत जातं. द्रव कमी दिसला म्हणून सुरुवातीलाच पेलाभर पाणी ओतलंत की शेवटी आटवत बसावं लागतं.

सफरचंद दोन टप्प्यांत घालण्यामागे कारण आहे. किसलेलं सफरचंद पूर्ण विरघळून रसाला दाटपणा देतं, त्यामुळे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही. दुसऱ्याचे काप शेवटच्या वीस मिनिटांत घातले की तोंडात त्यांचे मऊ तुकडे येतात. शिवाय सफरचंदातलं मॅलिक आम्ल व्हिनेगरसारखं उडून जात नाही, ते शेवटपर्यंत टिकतं. म्हणून आंबट आणि घट्ट गराचं सफरचंद घ्या. जर्मनीत यासाठी बोस्कोप जातीचं, तर इंग्लंडमध्ये ब्रॅमली जातीचं सफरचंद वापरतात. गोड, रवाळ सफरचंद घेतलंत तर साखर 10 ग्रॅम कमी करा आणि दुसऱ्या हप्त्यात हात जरा सैल सोडा.

मसाला कमी हवा. तीन-चार लवंगा, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, पाच-सहा ठेचलेली जुनिपरची फळं (थंड प्रदेशातल्या एका झुडपाची वाळवलेली सुगंधी फळं) आणि एक-दोन बे लीफ. सगळं मलमलीच्या कापडात बांधा. जर्मन स्वयंपाकी सोललेल्या अर्ध्या कांद्यावर बे लीफ ठेवून ती लवंगांनी टोचून बसवतात आणि तो कांदा तसाच भांड्यात सोडतात. शेवटी एक कांदा उचलला की काम झालं. ही पद्धत मला फार आवडते. लवंग वाढली की सगळ्या पदार्थाला औषधी वास येतो, त्यामुळे तिथे हात आखडता ठेवा. बे लीफऐवजी तमालपत्र वापरणार असाल तर एक लक्षात घ्या. ही दोन वेगळ्या झाडांची पानं आहेत आणि तमालपत्राला दालचिनीकडे झुकणारा सुगंध असतो. तेव्हा दालचिनी अर्धी करा. जुनिपर मिळालं नाही तर सोडून द्या, त्याच्या जागी दुसरं काही घालू नका.

मंद आचेवर एक तास ते सव्वा तास लागतो. ओव्हनमध्ये झाकलेल्या भांड्यात 150 ते 160 अंश सेल्सिअसवर दीड ते दोन तास. ओव्हनमध्ये तळाला लागायची भीती कमी, म्हणून मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर मी तोच रस्ता धरतो. दर वीस मिनिटांनी ढवळा आणि तळ कोरडा वाटला तर दोन-तीन चमचे गरम पाणी घाला. शिजलाय की नाही ते पानाच्या पातळ भागावरून ठरवू नका, जाड शीर उचलून चावा. ती सहज तुटायला हवी, पण पट्टीचा आकार टिकायला हवा. कुकरमध्ये लवकर होतं, पण मी सांगणार नाही. बंद भांड्यात कोबीचा वास कोंडून राहतो, आणि आच, वेळ, आंबट यांपैकी काहीच मधेच तपासता येत नाही.

शेवटची दहा मिनिटं म्हणजे या पदार्थाचा गाभा. झाकण काढा, पुरचुंडी काढा, दुसऱ्या हप्त्यातलं एक चमचा व्हिनेगर घाला आणि आच मध्यम करा. हवा असेल तर एक मोठा चमचा रेडकरंटची (छोट्या, आंबट लाल फळांची) जेली घाला. डेन्मार्कमध्ये याच कामासाठी रेडकरंटचा रस घालतात. जेलीने गोड, आंबट आणि चकाकी तिन्ही एकदम येतं. रस आटत आला की चमच्याने तळाशी रेघ ओढून बघा. रेघ क्षणभर तशीच राहून मग हळूच भरली, तर थांबा. प्रत्येक पट्टीवर पातळ चकचकीत लेप दिसतो आणि भांड्याच्या तळाशी वेगळं पाणी उरत नाही. पाणी उरलेला कोबी ताटात शेजारच्या पदार्थात वाहत जातो आणि सगळंच जांभळं करतो.

चव बघताना घाई नको. उकळत्या कोबीची चव खरी कळत नाही. एक चमचा बशीत काढा, कोमट होऊ द्या, मग खा. आधी मीठ तपासा, नंतर गोड, शेवटी आंबट. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय, कारण मीठ कमी असलं की कोबी नुसताच आंबट आणि पाणचट लागतो, आणि तो "फार आंबट झाला" असं वाटून माणूस साखर घालत सुटतो. मीठ बरोबर पडलं की बहुतेक वेळा साखरेची गरजच उरत नाही. खरंच आंबट असेल तर चमचाभर साखर किंवा थोडं किसलेलं गोड सफरचंद घालून पाच मिनिटं उकळा. गोड जास्त झालं तर दुसऱ्या हप्त्याचा राखून ठेवलेला चमचा आहेच. आणि सगळं बरोबर असून चव बसकी वाटली तर लोण्याचा एक छोटा तुकडा आच बंद करून ढवळा.

चरबीविषयी विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. उत्तर आणि मध्य युरोपात हा कोबी बदक, हंस किंवा डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर वाढतात आणि त्याच मांसाची चरबी कोबीत घालतात. जर्मनीत 11 नोव्हेंबरचा सेंट मार्टिनचा दिवस आणि नाताळ या दोन्ही वेळी भाजलेला हंस, बटाट्याचे उकडलेले गोळे आणि लाल कोबी हे ताट ठरलेलं असतं. पोलंडच्या सायलेशिया भागात हाच कोबी मांसाच्या भरलेल्या गुंडाळ्या आणि बटाट्याच्या गोळ्यांबरोबर असतो. मांस चरबीचं आणि रस्सा दाट, म्हणून शेजारी आंबटगोड लागतं. तुम्ही शाकाहारी करणार असाल तर लोणी वापरा, आणि सोबत काहीतरी स्निग्ध ठेवा: लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा, मशरूमचा दाट रस्सा, भाजलेले चेस्टनट. हलक्या, कोरड्या पदार्थाशेजारी हा कोबी एकटा पडतो आणि त्याचा आंबटपणा टोचतो.

पांढऱ्या कोबीचं काय, हेही कोणीतरी विचारेलच. त्यात अँथोसायनिन नाही, म्हणजे सांभाळायला रंग नाही, म्हणजे पहिल्या हप्त्याचं कारणच उरत नाही. तिथे सगळं व्हिनेगर शेवटी घाला, तेही थोडं कमी, तीन-साडेतीन चमचे. कोबी अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतो. बव्हेरियात तो कॅरमल केलेली साखर, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आणि कॅरवेचे (जिऱ्यासारखे दिसणारे) दाणे घालून करतात. लवंग-दालचिनी तिथे नको, कॅरवे लाल कोबीत नको. निदान माझ्या जिभेला तरी ती अदलाबदल रुचत नाही.

पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी करा. रात्रभरात आंबट, गोड आणि मसाला कोबीच्या आतपर्यंत मुरतात, वरवरचा लेप राहत नाहीत. फ्रिजमध्ये झाकून तीन-चार दिवस चांगला राहतो, फ्रीझरमध्येही त्याचं फारसं बिघडत नाही, कारण तो मऊच असतो. ठेवण्याआधी लवंगा आणि पानं नक्की काढा, नाहीतर त्या थंडीतही आपला अर्क सोडत राहतात. गरम करताना दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर झाकून ठेवा आणि कोमट चमचाभर पुन्हा चाखा. मुरलेल्या कोबीचा आंबटपणा थोडा दबलेला असतो. अर्धा चमचा व्हिनेगर घालून दोन मिनिटं उघडं उकळलं की तो परत वर येतो.